नऊ दिवस उपाशी पिल्लू: खेड्यातल्या एका बिअर्डेड ड्रॅगनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी जनावरांचा डॉक्टर आहे. माझा दिवस गाई-बैल, बकऱ्या आणि कोंबड्यांत जातो. जानेवारीतल्या एका दुपारी जवळच्या खेड्यातला अकरावीतला मुलगा दवाखान्यात आला. सोबत जनावर नव्हतं. त्याने मोबाईलमधला फोटो पुढे केला आणि म्हणाला, "सर, हे नऊ दिवसांपासून काही खाऊनच नाही राहिलं."

फोटोत काटेरी कडांचं, चपट्या अंगाचं एक पिल्लू होतं, शेपटीसकट जेमतेम वीतभर. बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, निमवाळवंटी भागातला सरडा. चिडला की गळा फुगवून काळा करतो, म्हणून हे दाढीवालं नाव. ऑस्ट्रेलियातून जिवंत वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला बंदी आहे. त्यामुळे पाळण्यासाठी विकले जातात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवलेले असतात.

पुण्यात शिकणाऱ्या आतेभावाने ते विकत घेतलं होतं. वसतिगृहात ठेवू देईनात, म्हणून गावाकडे येणाऱ्या मित्राच्या हाती ट्रॅव्हल्सने पाठवलं. जोड्याचं खोकं, कडाक्याची रात्र, बारा-तेरा तासांचा प्रवास. विकणाऱ्याने सोबत काचेची पेटी, लाल बल्ब, बारीक वाळू आणि वाळवलेल्या अळ्यांचा डबा दिला होता. "काहीही खाते, फार काही करावं लागत नाही," एवढीच माहिती दिली होती.

गावात वेगळाच गलका झाला होता. हे घोरपडीचं पिल्लू आहे असं म्हणत शेजारचे एक काका वनरक्षकाला फोन लावायला निघाले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. मी त्यांना दोन्हींतला फरक दाखवला. घोरपडीची मान लांब आणि जीभ सापासारखी दुभंगलेली. याचं डोकं त्रिकोणी, जीभ आखूड आणि जाड, अंगाच्या दोन्ही बाजूंना काट्यांची झालर. ते काटे दिसतात टोकदार, पण बोट लावलं तर मऊ लागतात. काकांनी बोट लावून पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

हे सगळं घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

पहिल्या दिवशी काय दिसलं

त्याच दुपारी तीन वाजता मी घरी गेलो. टिनाचं छत असलेली पुढची खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर काचेची पेटी. पेटीभोवती सहा-सात पोरं. त्यातलं एक काचेवर टिचक्या मारत होतं. पिल्लू कोपऱ्यात पोट टेकून, डोळे अर्धे मिटून बसलेलं. पोटावर गडद वेड्यावाकड्या रेषा उमटल्या होत्या. पिल्लू ताणाखाली असलं की अशा रेषा दिसतात.

हातात घेऊन तपासलं. सोनाराकडचा छोटा काटा मुलाने आणून ठेवला होता, त्यावर १६.१ ग्रॅम भरलं. बगलेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसली, म्हणजे अंगात पाणी कमी. डोळे किंचित आत गेलेले. तोंड आतून गुलाबी, घट्ट चिकट लाळ नाही. जबडा हलका दाबून पाहिला, तो कडक होता. कॅल्शियम फार कमी पडलेल्या सरड्याचा जबडा रबरासारखा लवचिक लागतो आणि पायाची बोटं थरथरतात. तसलं काही नव्हतं. पोट मऊ, गाठ नाही. डोळ्यांत भीती आणि जाग दोन्ही होती. मला सगळ्यात धीर त्यानेच दिला.

मग पेटी पाहिली. पिल्लाने उष्णता घ्यायच्या दगडावर थर्मामीटरची तार ठेवली, आकडा आला ३१. या वयाच्या पिल्लाला ऊन खायच्या जागी ३८ ते ४२ अंश लागतात, पेटीच्या थंड टोकाला २५ ते २८. म्हणजे ऊब कमी होती. वर काचेचं झाकण आणि त्या झाकणावर निळसर प्रकाशाचा एक बल्ब. "यूव्हीचा आहे," मुलगा म्हणाला. बल्ब खरा असता तरी उपयोग नव्हता. अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला जे अतिनील किरण लागतात, ते साध्या काचेतून जवळपास येतच नाहीत.

खाद्याचं ताट तर बोलकंच होतं. वाळलेल्या अळ्या, पालकाची पानं आणि शेजारी मेलेले दोन नाकतोडे. पिल्लू हलणाऱ्या वस्तूवर झडप घालतं. वाळलेली अळी त्याच्या लेखी काडीकचरा. पालकात ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि नाकतोडे कुठून आणले असं विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, "हरभऱ्याच्या धुऱ्यावरून." त्याच वावरात आठवड्यापूर्वी घाटेअळीसाठी फवारणी झाली होती. ते नाकतोडे त्याने खाल्ले नाहीत, हे त्याचं नशीब. आपल्या जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते इथल्या कोणत्याही घराला सांगावं लागत नाही. माणूस मरतो त्या औषधाचा सोळा ग्रॅमच्या जिवावर काय परिणाम होईल, एवढंच मी विचारलं. मुलाने ते नाकतोडे मातीत पुरले.

कोणते पर्याय समोर होते

आजीने सगळं तयार ठेवलं होतं. अंड्याचा बलक, त्यात थोडं दूध, आणि सुई काढलेली सिरिंज. तोंड उघडून पाजायचं, बस. मी नको म्हटल्यावर त्या चिडल्या. "नऊ दिवस झाले, लेकराच्या पोटात अन्नाचा कण नाही, अन् तुमी थांबा म्हन्ता?"

त्यांचा राग मला समजत होता. वासरू चीक ओढत नसेल तर आम्ही डॉक्टर नळीने पाजतोच. पण सरड्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. बाहेरची ऊब मिळाली तरच त्याचं पोट काम करतं. थंड अंगात अन्न गेलं तर ते पचत नाही, आतच कुजतं. शिवाय सरड्याची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते, घाईने पाजलेलं फुप्फुसात जायला क्षण पुरतो. आणि दूध त्याला पचतच नाही. मी आजींना म्हटलं, "चूल पेटवल्याशिवाय भात शिजन का? आधी याची चूल पेटवू." त्या गप्प राहिल्या, पण सिरिंज त्यांनी फडताळावर ठेवली, फेकली नाही.

दुसरा पर्याय नागपूरचा. मोठ्या शहरात विदेशी प्राण्यांचे डॉक्टर मिळतात, एक्स-रे निघतो, सलाईन लावता येतं. पण दीड-पावणेदोनशे किलोमीटर, थंडी, आणि आधीच एका प्रवासाने पिचलेलं पिल्लू. तिसरा पर्याय औषधाचा. मी रोज बकऱ्यांना जंताचं औषध देतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. विष्ठा न तपासता, कोरड्या पडलेल्या पिल्लाला जंतनाशक देणं म्हणजे त्याच्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकणं. चौथा पर्याय जागा दुरुस्त करून वाट पाहण्याचा.

मुंबईतल्या, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी क्रम सांगितला: आधी ऊब, मग पाणी, अन्न सगळ्यात शेवटी. आणि वाट पाहायची तर तिला हद्द घालून घ्या, म्हणाले. आम्ही ती कागदावर लिहिली आणि भिंतीला चिकटवली. वजन १४.५ ग्रॅमच्या खाली गेलं, म्हणजे पहिल्या वजनाच्या दहा टक्के घटलं, किंवा डोळे आणखी आत गेले, किंवा डोकं उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी नागपूर. मोठा, धष्टपुष्ट बिअर्डेड ड्रॅगन काही आठवडे उपाशी काढू शकतो. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे तेवढी शिल्लक नसते. हद्द लिहून ठेवल्याचा फायदा असा झाला की पुढचे चार दिवस घरात रोज नव्याने भांडण झालं नाही.

पहिले तीन दिवस: केलं ते आणि राहिलं ते

वाळू काढली, जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरला. उपाशी पिल्लू वाळू चाटतं, ती पोटात अडकू शकते. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीच्या दाराला लावतात ती बारीक लोखंडी जाळी बसवली. तीन बाजूंना खाकी कागद लावला, म्हणजे काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसणार नाही आणि पोरांची ये-जा कळणार नाही. पेटी टेबलावरून उंच कपाटावर नेली. जमिनीवरचे प्राणी वरून येणाऱ्या सावलीला भितात. वर राहिलं की खालची माणसं शिकारी वाटत नाहीत.

लाल बल्ब गेला, त्याच्या जागी १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब आला. बल्ब किती उंचीवर टांगायचा ते अंदाजाने ठरवलं नाही. गावातच एकजण गावरान अंडी उबवायची पेटी चालवतो. त्याच्याकडून तारेचं टोक असलेला तापमान दाखवणारा आणि बल्ब आपोआप बंद-चालू करणारा डबा उसना मिळाला. तार दगडावर चिकटवली आणि आकडा ४० वर स्थिर होईपर्यंत बल्ब वरखाली केला. या कामी कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक वापरू नये. ती माणसाच्या अंगाच्या तापमानासाठी बनवलेली असते.

रोज सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं, पाणी खांद्याच्या खाली राहील इतकंच. नाकावर एकेक थेंब सोडायचा, तो जिभेने चाटतो. पाणी आपण तोंडात ओतायचं नाही. उपवास सुरू झाल्यापासून मोजलं तर अकराव्या दिवशी (पुढचे दिवसही असेच मोजले आहेत) याच पाण्यात त्याने पहिल्यांदा विष्ठा टाकली. मुलगा ती बाटलीच्या झाकणात घेऊन सायकलवर दवाखान्यात आला, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

विष्ठेतला पांढरा भाग पिवळट आणि खडूसारखा कडक होता, म्हणजे पाण्याची ओढ अजून होतीच. मिठाच्या संपृक्त द्रावणात विष्ठा घोळून पंधरा मिनिटं ठेवली, वर तरंगलेलं काचपट्टीवर घेतलं. बकरीच्या लेंडीसाठी करतो तीच तपासणी. सुतकृमीची मोजकी अंडी दिसली. कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले एकपेशी परजीवी, दिसले नाहीत. मोजकी सुतकृमी बऱ्याच पाळीव ड्रॅगनमध्ये सापडते. मुंबईच्या डॉक्टरांचं आणि माझं एकमत झालं की औषध आता नाही, खायला लागल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू.

इतकं सगळं करून बारावा दिवस उजाडला. वजन १५.४. पिल्लू दुपारी दगडावर चढायचं, पसरायचं, डोळे उघडे, तरतरीत. पण समोर काही सोडलं तर मान वळवायचं.

पहाटेचा आकडा

बाराव्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलाचा फोन आला. "सर, ते हलूनच नाही राहिलं. मेलं काय?"

मी गाडी काढली. खोलीत शिरताच अंगाला थंडी झोंबली, बाहेर आणि आत फारसा फरक नव्हता. टिनाचं छत रात्री ऊब धरत नाही. पेटीतल्या तारेचा आकडा होता १४. पिल्लू दगडासारखं थंड, काळपट पडलेलं. हातात धरून बसलो. पाच मिनिटांनी त्याने एक डोळा उघडला.

मुलाच्या आईने सांगितलं, "दिवसभर बलब जळते, रात्री तं बंद करून टाकतो जी. बिल किती येईन? अन् त्यालेही झोप पाहिजे ना." त्यांचं निम्मं बरोबर होतं. रात्री उजेड नकोच, पण ऊब हवी, निदान २० अंशांच्या आसपास. दिवसा मिळालेली ऊब रोज रात्री वाहून जात होती. सकाळी दहा-अकरापर्यंत पिल्लाचं अंगच गरम होत नसे, तोवर अर्धा दिवस सरलेला असे.

यात चूक माझी होती. मी पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता तापमान मोजलं, रात्रीचं विचारलंसुद्धा नाही. टिनाच्या घरात पौषातली रात्र कशी असते हे मला ठाऊक आहे, मी असल्याच घरात वाढलो. तरी विचारलं नाही. त्या एका प्रश्नाअभावी तीन दिवस आणि अर्ध्या ग्रॅमहून जास्त वजन गेलं. सोळा ग्रॅमच्या पिल्लाला ते थोडं नाही.

उपाय दवाखान्यातच सापडला. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगाची लस बर्फात ठेवून ज्या थर्माकोलच्या पेटीत येते, तशा दोन रिकाम्या पेट्या पडून होत्या. जी पेटी थंडी धरते, ती ऊबही धरते. एक धुऊन वाळवली आणि झाकणाला बोटभर रुंदीची सहा भोकं पाडली. आत सुती कापडाची घडी, एका बाजूला जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. रात्री नऊला पिल्लू त्यात. पहिल्या रात्री मुलाने तीनदा उठून आकडा पाहिला: अकराला २६, दोनला २४, सहाला २१. लाईट गेली तरी या पेटीला फरक पडत नव्हता, आणि खेड्यात ही मोठी गोष्ट आहे. पुढे चिनी मातीचा, उजेड न देणारा हीटर मागवला, पण थर्माकोलची पेटी लाईट जाईल त्या रात्रीसाठी अजून कपाटाखाली आहे.

अन्न कुठून आणायचं

ऊब जमली, आता हलणारं, सुरक्षित, डोळ्यांमधल्या अंतराहून मोठं नसलेलं खाद्य हवं होतं. शहरात रातकिडे आणि पाळीव झुरळं विकत मिळतात. मुलाने कुरियरने मागवलेली रातकिड्यांची पहिली डबी थंडीने मेलेलीच निघाली. शेतातलं काही आणायचं नाही, हे पक्कं होतं. काजवा तर चुकूनही द्यायचा नाही, बिअर्डेड ड्रॅगनला एक काजवासुद्धा मारू शकतो.

तेव्हा मला चार किलोमीटरवरचं तुतीचं वावर आठवलं. तिथले एक शेतकरी रेशीमशेती करतात. त्यांच्या संगोपनगृहात दुसरी कात टाकून झालेल्या अळ्या होत्या, साधारण एक सेंटीमीटरच्या. रेशमाची अळी म्हणजे या पिल्लासाठी पक्वान्न. मऊ, पाणीदार, कठीण कवच नाही. आणि सगळ्यात मोठी खात्री अशी की ती स्वतःच विषाची कसोटी आहे. शेतकरी म्हणाले, "फवारलेल्या पाल्यावर माह्या अळ्या एक दिवस नाही जगत, साहेब. शेजाऱ्यानं कपाशीवर फवारलं अन् वारं इकडे आलं, तरी मी घाबरतो."

फक्त एक खबरदारी घ्यावी लागली. कात टाकल्यावर अळ्यांवर चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर टाकतात. ती लागलेल्या अळ्या चालणार नव्हत्या. म्हणून पावडर टाकण्याआधीच्या साठ अळ्या वेगळ्या घेतल्या आणि मुलाने त्या घरी प्लास्टिकच्या डब्यात, तुतीच्या ताज्या पानांवर वाढवल्या. शेतकऱ्यांनी पैसे घेतले नाहीत.

तेराव्या दिवशी अळ्या समोर ठेवल्या. पिल्लाने पाहिलं आणि पाहतच राहिलं. मी मुलाला सांगितलं, आज जबरदस्ती नाही, उद्या आधी ऊन.

ऊन म्हणजे खरं ऊन. जानेवारीत सकाळी दहानंतर आपल्याकडे जे मिळतं ते विकतच्या कुठल्याही दिव्यापेक्षा चांगलं. कोंबड्या झाकायचं डालं अंगणात उपडं घातलं, आत ऊन लागेल अशी एक वीट, अर्ध्या भागावर पोत्याची सावली, डाल्यावर दगड. कावळा, शिक्रा आणि मांजर या तिघांसाठी मुलगा शेजारी खाटेवर पुस्तक घेऊन बसला. पिल्लू विटेवर चढलं, अंग भाकरीसारखं चपटं केलं, उन्हाच्या बाजूला कललं आणि पाठ गडद केली. गडद रंग ऊब जास्त ओढतो. वीसेक मिनिटांनी रंग फिका पडत गेला, तोंड किंचित उघडलं. पुरेशी ऊब मिळाल्याची ती खूण.

तसंच उचलून पेटीत ठेवलं आणि एकच अळी दगडावर सोडली. अळीने डोकं वर उचलून इकडेतिकडे हलवलं. पिल्लाने मान तिरकी केली, एका डोळ्याने अळीकडे पाहिलं, शेपटीचं टोक हललं. आणि झडप. जीभ दिसली न दिसली तोच अळी तोंडात. दोनदा जबडा हलला, गिळली. चौदावा दिवस, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मुलाने ती वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहिली. आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन सिरिंज फेकून दिली.

त्या दिवशी तीनच अळ्या दिल्या. घरच्यांना दहा द्यायच्या होत्या. दोन आठवडे रिकामं असलेलं पोट एकदम भरायचं नाही, आणि शेवटचा घास दिवा बंद होण्याच्या दोन तास आधी, कारण पचायला ऊब लागते. दुसऱ्या दिवशी पाच, मग आठ, सतराव्या दिवशी बारा.

पुन्हा एकदा घाबरगुंडी

एकोणिसाव्या दिवशी पुन्हा फोन: सकाळपासून एकही अळी खाल्ली नाही. ऊब तपासली, ४०. रात्रीचा आकडा २२. वजन वाढलेलं. मग मी विचारलं, अळ्या काय करताहेत? "गप बसल्या हायेत, पालाबी खात नाही." अळ्या मोल्टवर बसल्या होत्या. कात टाकण्यापूर्वी रेशमाची अळी सुमारे एक दिवस डोकं वर करून निश्चल राहते. ती हलली नाही की पिल्लाला ते खाद्यच वाटत नाही. आजार कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी अळ्या हलू लागल्या आणि हेही खाऊ लागलं. तेव्हापासून एकाच खाद्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि पाळीव झुरळांची छोटी वसाहत डब्यात सुरू केली. खाद्यकिड्यांना आधी चांगलं खाऊ घातलं तरच त्यांच्यातून पिल्लाला काही मिळतं, म्हणून त्यांना गाजर, भोपळा आणि तुतीचा पाला.

कॅल्शियमसाठी मुलाने गोठ्यातली गाईची बाटली दाखवली होती. तिच्यात कॅल्शियमसोबत फॉस्फरस असतो, इथे तो नको. पार्सल येईपर्यंत अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मैद्यासारखी दळून अळ्यांवर भुरभुरली. पाल्यात तुतीची कोवळी पानं, मेथी, थोडा शेवगा, किसलेला दुधी. या वयात पाल्यापेक्षा किड्यांचा वाटा मोठा असतो, पण ताटलीत पाला रोज दिसला पाहिजे, म्हणजे पुढे ओळख राहते.

घरात तीन वर्षांची बहीण आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा जिवाणू पसरतो आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. म्हणून तिने हात लावायचा नाही, आंघोळीचं भांडं स्वयंपाकघरात न्यायचं नाही, हाताळल्यावर साबण. यावर मी दोनदा आवाज चढवला आणि त्याची मला खंत नाही.

निष्पत्ती

चौदाव्या दिवशी १५.२ ग्रॅमवर खाली थांबलेलं वजन पाचव्या आठवड्याच्या शेवटी २९ ग्रॅम झालं. पोटावरच्या रेषा गेल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा विष्ठा तपासली, अंडी पहिल्याइतकीच मोजकी. जंतनाशक दिलं नाही, अजूनही दिलेलं नाही. अतिनील किरणांची लांब नळी आली, ती जाळीच्या आत, दगडापासून फूटभर अंतरावर लावली. तिचा उजेड दिसत राहतो पण किरण मंदावतात, म्हणून बदलायची तारीख तिच्यावरच लिहून ठेवली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

रात्रीचं तापमान पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं, ते वर लिहिलंच आहे. आता माझ्याकडे कुठलंही नाजूक पिल्लू आलं, कोंबडीचं असो की सशाचं, की मी आधी पहाटेचा आकडा मागतो.

दुसरं, पहिल्याच दिवशी बऱ्याच दुरुस्त्या एकदम केल्या. बल्ब, कागद, जागा, जाळी, आंघोळ. नुकत्याच धसकलेल्या पिल्लासाठी तोही एक धक्काच होता. ऊब आणि आडोसा त्याच दिवशी हवा होता, आंघोळ एक दिवस पुढे ढकलता आली असती.

तिसरं आतेभावाचं. त्याने पिल्लू पाठवण्याआधी आठवडाभर गावाकडे पेटी तयार करून, दोन रात्री तापमान लिहून मग पिल्लू आणायला हवं होतं. मी त्याला फोन करून हेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि अतिनील नळीचे पैसे त्यानेच दिले.

सक्तीने न भरवण्याचा निर्णय मात्र पुन्हा तसाच घेईन. वजन १४.५ च्या खाली गेलं असतं तर नागपूरला नेऊन, गरम अंगाला, जाणत्या हाताने नळीने भरवणं योग्यच ठरलं असतं. गार खोलीत, सिरिंजने, बलक आणि दूध पाजणं नाही.

आता एप्रिल लागला आहे. तेच टिनाचं छत आता उलटं वागतं. दुपारी खोलीच ४१ वर जाते आणि पेटीत थंड कोपराच उरत नाही. म्हणून पेटी मधल्या मातीच्या भिंतींच्या खोलीत हलवली, बल्ब अकराला बंद होतो आणि खिडकीला वाळ्याची ताटी लावली आहे. परवा मुलाचा फोन आला. सकाळी पंधरा झुरळं, तुतीची दोन पानं, वजन ११२ ग्रॅम. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "अन् सर, पहाटे पाचला सव्वीस होतं."